पोरांना घेऊन वसई

वसईला माझी मावशी राहते, पापडीजवळ. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे जायचो, तेव्हा किल्ला म्हणजे शिक्षा वाटायची. काका पुढे, आम्ही मागे रांगेने, आणि प्रत्येक पडक्या भिंतीपाशी एक सन पाठ करायचा. म्हणून यंदा नाताळच्या सुट्टीत थोरला (वय सात) आणि धाकटी (वय चार) यांना घेऊन निघाले तेव्हा एक पक्कं ठरवलं होतं: पोरांना सनावळी सांगायची नाही. त्यांना जे हलतं, तरंगतं, वास मारतं, ते दाखवायचं. सन असलेच तर ते या लेखात, मोठ्यांसाठी.

डोंबिवलीहून वसईला जायचा सरधोपट मार्ग म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरार लोकल पकडणे. लहान मुलं आणि विरार लोकल हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझ्या पोटात गोळा येतो, त्यामुळे आम्ही कोपरहून दिवा-वसई मेमू घेतली. गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत, तेव्हा वेळ बघूनच घरातून निघायचं. कोपरला वरच्या फलाटावर जायचं, ज्याला सगळे ‘अप्पर कोपर’ म्हणतात. गाडी सुटते आणि लगेच उल्हास खाडीचा पूल येतो. मग भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र. भिवंडीची गोदामं संपली की शेतं लागतात, मग तुंगारेश्वरच्या बाजूचे डोंगर. या मार्गावर मालगाड्या भरपूर. थोरल्याने कंटेनरचे डबे मोजायला घेतले, चाळिशीच्या पुढे गेल्यावर धाकटीने मध्येच ‘सात!’ म्हणून ओरडून सगळं गणित घालवलं. त्यावर जे भांडण झालं ते जूचंद्रपर्यंत पुरलं. मेमू मध्येच एखाद्या स्टेशनात थांबून राहते, मोठ्यांची चुळबुळ सुरू होते, पोरांना मात्र त्याचं काही नसतं. खिडकी आहे, बाहेर बगळे आहेत, झालं.

वसई रोड स्टेशन आणि खरी वसई यात अंतर आहे, हे पहिल्यांदा येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. स्टेशनाबाहेर दिसते ती टॉवरांची, ट्रॅफिकची वसई. जुनं गाव, पारनाका, किल्ला हे सगळं पश्चिमेला सहा-सात किलोमीटर आत. परिवहनची बस आहे, शेअर रिक्षा आहेत. जसजसं आत जावं तसतसे रस्त्याच्या कडेला वाड्या दिसू लागतात, केळी, फुलझाडं, विहिरी, आणि डिसेंबर असल्यामुळे घराघरावर कागदी चांदण्या.

जेवून उठल्या उठल्या मी किल्ल्याचं नाव काढलं तर मावशी म्हणाली, “अगं, पोरांना या उन्हात कुठे नेतेस? चारनंतर जा. किल्ला पळून जातोय का?” तिचं म्हणणं सोळा आणे खरं. किल्ला अफाट आहे, आणि सावली आहे ती फक्त झाडांखाली.

साडेचारला पोचलो. दारातच घोड्यावरचे चिमाजी आप्पा. थोरल्याने पहिला प्रश्न विचारला, “हे कोण?” मी म्हटलं, “बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. यांनी हा किल्ला जिंकला.” “धाकटे?” धाकटीने लगेच थोरल्याकडे असं काही बघितलं की इतिहासाचा तास तिथेच संपला. मोठ्यांसाठी: गुजरातच्या बहादूरशाहकडून 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधली दोनशे वर्षं या तटाच्या आत पोर्तुगीजांचं पूर्ण शहर होतं. चर्च, मठ, वाडे, सगळं. आज उभ्या आहेत त्या बहुतेक भिंती आणि कमानी, छप्पर क्वचितच.

सगळा किल्ला बघायच्या फंदात पडू नका. आम्ही फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष तेवढे धरले. आत जमिनीवर कबरींच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. थोरला नुकताच इंग्रजी मोठी लिपी वाचायला लागलाय. तो उकिडवा बसून बोटाने माती काढत एकेक अक्षर मोठ्याने वाचत होता, अर्थ कळत नाही म्हणून अजिबात अडत नव्हतं. धाकटी तोवर कमानीखाली उभी राहून आपलं नाव ओरडत होती आणि प्रतिध्वनीला ‘कोण आहे?’ विचारत होती. तिथे आमचा पाऊण तास सहज गेला. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात अरुंद गोल जिना आहे, तरुण पोरं चढतात. चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी तिथे पाय ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

घंटांची गोष्ट मात्र मी सांगितलीच. वसईच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यातलीच, भीमाशंकरलाही एक आहे. भीमाशंकरची घंटा आम्ही मागे पाहिली होती, थोरल्याला तिच्यावरचा क्रूस आठवत होता. देवळात क्रूस कसा, हे त्या वेळी त्याने विचारलंही होतं. आता त्याला त्याच घंटेचं रिकामं घर दाखवता आलं. ते नेमकं कुठलं, ते मला ठाऊक नव्हतं, मी आपला समोर दिसेल तो मनोरा दाखवला.

एक रोखठोक सूचना: किल्ल्यात शिरण्याआधी मुलांची शी-शू उरकून घ्या. आत ऐनवेळी कुठे नेणार? पाणीही जवळ ठेवा. आणि पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, त्यात लहान मुलांना सोडू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

किल्ल्यातून तसंच पुढे गेलं की किल्लाबंदर, कोळ्यांची वस्ती. माझ्या मते मुलांसाठी खरी वसई ही. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात, त्यासाठी चिमटा लागत नाही. एका मावशींनी धाकटीला ते करून दाखवलं. ओल्या बोंबलाचं तोंड उघडलं, आतले बारीक दात दिसले, दुसऱ्याचा जबडा त्यात घातला, की जोडी तयार. धाकटीला वाटलं ते एकमेकांना चावतायत. “भांडतायत का?” तिने विचारलं. “नाय गो,” त्या म्हणाल्या, “पडू नये म्हणून धरलंय एकमेकांना.” वासाबद्दल माझ्या मुलांनी एक अक्षर काढलं नाही. नाकाला रुमाल लावून उभे होते ते शेजारचे फोटोवाले काका.

दुसऱ्या दिवशी सकाळी रो-रो, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही नेणारी बोट. वसई-भाईंदर ही सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून सुटते आणि साधारण पंधरा मिनिटांत भाईंदरला पोचते. गाडीने जायचं तर घोडबंदरमार्गे मोठा वळसा पडतो, म्हणून रोजच्या कामाची माणसं हिच्यात भरपूर असतात. दुचाकी, चारचाकी आधी चढतात, मग माणसं. बोटीचा पुढचा फाळका खाली पडतो आणि त्यावरून मोटारी आत शिरतात, हे दृश्य सात वर्षांच्या मुलासाठी कुठल्याही किल्ल्याहून भारी. “आई, गाडी गाडीत बसली,” हे त्याचं वाक्य मावशीकडे पुढे दिवसभर फिरत राहिलं.

पाण्यावरून मागे बघितलं की किल्ल्याचा तट दिसतो, आणि तेव्हा कळतं की तो इथे का बांधला. खाडीचं तोंड, तीन बाजूंना पाणी. समोर उत्तन-डोंगरीची टेकडी, मधे मासेमारीच्या होड्या. भाईंदर जवळ आलं की रेल्वेचा पूल दिसतो आणि लोकल जाताना दिसली तर बोटीवरची सगळी पोरं हात हलवतात. लोकलमधून कोणी उलट हात हलवत नाही, त्यांचे हात कड्या धरण्यात गुंतलेले असतात. भाईंदरला उतरून आम्ही काहीच केलं नाही. एकेक कटिंग, पोरांना बिस्किटं, आणि त्याच बोटीने परत. परतीच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा म्हणजे झालं. ज्यांना वसईत काहीही एकच करायचं आहे त्यांनी हे करावं.

संध्याकाळी मावशीने गोठे दाखवायला नेलं. नाताळात वसईच्या गावागावांत ख्रिस्तजन्माचे देखावे उभे करतात, चर्चच्या आवारात, नाक्यावर, घराच्या ओट्यावर. रमेदी, सांडोर, गिरीज करत रिक्षाने फिरलो. पेंढा, माती, गोणपाट, त्यात गाईगुरं, मेंढपाळ, वर चांदणी, आणि पोरांच्या मंडळांनी हौसेने घातलेलं काहीही: विहिरीवरचा रहाट, वाहतं पाणी, बैलगाडी. बेथलेहेममध्ये चक्क वसईची केळीची वाडी होती. थोरला दिवाळीत बिल्डिंगखाली मातीचा किल्ला करणाऱ्यांतला, त्याने कमरेवर हात ठेवून पाहणी केली. “आमच्या किल्ल्यासारखंच आहे. पण यांना पंप कोणी दिला?” पुढच्या दिवाळीला आम्हाला पंप घ्यावा लागणार, हे तिथेच ठरलं. घरी परतलो तर मावशीच्या शेजारणीने डबाभर फुगे आणि कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला फराळ, पाठवले होते. फुगे म्हटल्यावर धाकटी आधी रडवेली झाली, तिला रंगीत हवे होते. मग एक खाल्ला आणि प्रश्न मिटला.

सोपारा आणि अर्नाळा एकाच दिवशी केले. तो दिवस दमवणारा, पण मुलांनी निभावला. नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला रिक्षा केली की स्तूप. बघायला गेलं तर विटांचा एक उंचवटा, गावकरी त्याला बुरुड राजाचा किल्ला म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. ही गोष्ट मी उंचवट्याच्या पायथ्याशी बसून सांगितली, एकेक झाकण हाताने उघडल्याचं नाटक करत. शेवटी खापराचे तुकडे निघाले म्हटल्यावर थोरला वैतागला: “एवढ्या डब्यांत फक्त खापर?” धाकटीला मात्र पटलं. तीही शिंपले खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी कपाटात ठेवते. त्या वस्तू आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, जागेवर काही नाही. गोष्ट सांगायची तयारी नसेल तर लहान मुलांना इथे आणण्यात अर्थ नाही.

अर्नाळ्याला विरारहून बस किंवा रिक्षाने जायचं. किल्ला बेटावर आहे, गावातून बोट सुटते, काही मिनिटांचं अंतर. पाण्यात पाय भिजायची तयारी ठेवा, मुलांना चपला हातात द्या. आत्ताचं बांधकाम पेशव्यांच्या काळातलं, 1737 चं. मुख्य दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत, मुलांना वर बघायला लावा, नाहीतर ती खाली खेकडे बघत पुढे निघून जातात. आत अष्टकोनी तळं आहे, शेती आहे, माणसं नांदती आहेत. भारतीय नौदलात जून 2025 मध्ये ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका दाखल झाली, तिला या किल्ल्याचं नाव आहे. हे सांगितल्यावर थोरला दरवाजाकडे परत एकदा मान वर करून बघून आला.

सुरूची बाग राहिली. किनारा बरा आहे, सुरूच्या झाडांची सावली आहे, पण वाळू काळसर आणि ओहोटीला चिखल. रविवारी संध्याकाळी अख्खी वसई तिथे लोटते. सकाळी लवकर गेलात तर ठीक. विरारच्या डोंगरावरच्या जीवदानी देवीला गर्दीच्या दिवशी मुलांना नेऊ नका, रोपवेची रांग बघूनच ती बसकण मारतील.

येताना सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात आणि केळीच्याच सोपट्यात बांधतात. हे काम करणारी घरं आता कमी झाली आहेत, त्यामुळे कुठल्याही दुकानात मागू नका, गावातल्या ओळखीच्यांना विचारा. गडद तपकिरी, चिकट, मधासारख्या वासाची असतात ती चांगली. पिवळट, कोरडी कोणी दिली तर नको म्हणा. धाकटीच्या दाताला चिकटली की किमान दहा मिनिटं ती गप्प राहते, प्रवासात याचा फार उपयोग होतो.

परतीची मेमू चुकली तर घाबरायचं कारण नाही, लोकलने दादर आणि तिथून मध्य रेल्वे. फक्त रविवार असेल तर मेगाब्लॉक आधी बघून घ्या.