परागकणांशी जुळवून घेणारे अंगण : दुसऱ्या पावसाळ्यानंतरची नोंद

पुण्यातील आमच्या घरामागे सुमारे ६०० चौरस फुटांचे अंगण आहे. गेल्या वर्षी शिंकांचा आणि डोळ्यांच्या खाजेचा सगळा दोष मी मोगरा आणि जास्वंद यांच्यावर ठेवला होता, तो आता मागे घेतो. कीटकांना बोलावणाऱ्या ठसठशीत फुलांचे पराग जड आणि चिकट असल्याने ते सहसा हवेत दूरवर पसरत नाहीत. खरा उपद्रव वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या, फुले असूनही डोळ्यांत न भरणाऱ्या वनस्पतींचा असतो. माझ्याकडे कुंपणालगतचा एरंड होता आणि जिचा मला अभिमान वाटे, ती हरळीची हिरवळही होती. शिवाय कोपऱ्यात गाजर गवत माजले होते.

एरंड मे महिन्यात एका सकाळीच मुळासकट निघाला. गाजर गवताने मात्र परीक्षा पाहिली. पहिल्या वर्षी ते फुलावर आल्यानंतर मी उघड्या हातांनी उपटले आणि मनगटांवरचे पुरळ पंधरा दिवस वागवले. त्याचे पराग नाकाला बाधतात, तर पार्थेनिन हे द्रव्य कातडीला. यंदा वळवाच्या आधी त्या कोपऱ्यात टाकळ्याचे बी फेकले आणि जूनमध्ये माती मऊ होताच, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून उगवलेले गवत दोनदा उपटले. टाकळा दाट वाढल्यामुळे नंतर तुरळकच रोपे दिसली, शिवाय कोवळ्या पानांची भाजी मिळाली, हे वेगळेच.

हरळी चिवट निघाली, कारण मातीत राहिलेली प्रत्येक कांडी पुन्हा फुटते. अर्ध्या भागातली खणून तिथे जलपिंपळी लावली आहे; उरलेल्या अर्ध्या भागाला तुरा धरू न देण्यासाठी दर आठवड्याला कापणी करावी लागते, आणि ती मी स्वतः करत नाही.

एक चूक नव्याने झाली. रोपांभोवती पसरलेला पालापाचोळा जुलैत सतत ओला राहून बुरशीने भरला आणि तो हलवताना मला हिरवळीपेक्षा जास्त शिंका आल्या. आता घराच्या बाजूला खडी आहे, पाचोळा अंगणाच्या पार टोकाला.

वहीत रोज सकाळच्या शिंका लिहितो : गेल्या सप्टेंबरात बहुतेक दिवशी दहाच्या वर, यंदा तीन-चार. मात्र शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेइतके वाढले आहे आणि वारा तिकडूनच येतो. पुढच्या जूनआधी मालकाला गाठून, ते माझ्या खर्चाने काढू द्या, अशी विनंती करणार आहे.