पोटात येणाऱ्या गोळ्याचे नाव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरानंतरच्या पावसाळ्यांत, पलूस तालुक्यात नदीकाठच्या शाळेत दुसरीला शिकवत असताना, माझ्या वर्गातला एक मुलगा आभाळ भरून आले की पोट दुखते म्हणून दप्तर आवरायला लागायचा. मी त्याला दोनदा घरी पाठवले, आईने ओव्याची चिमूट दिली. एकदा तर ‘पाढे म्हणायची वेळ आली की बरे तुझे पोट दुखते’ असे मी सगळ्यांदेखत बोलून गेले, याची खंत मला आजही आहे. मग एका दुपारी त्याच्या बस्करावर शेजारी बसून, नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखव, असे म्हटले. त्याने बेंबीच्या वर बोट ठेवले आणि हळूच विचारले, “बाई, पाणी चढाय लागलं तर आमच्या घरी कोण सांगणार?”

पोटात गोळा येणे हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला होता, पण तो गोळा एका सात वर्षांच्या मुलाच्या पोटात खरोखर कुठे बसतो हे त्या दिवशी दिसले. मी त्याला सांगितले, की याला धास्ती म्हणतात आणि पूर पाहिलेल्या मोठ्या माणसांनाही ती वाटते. पुढच्या पावसात त्याने दप्तर उचलले नाही; माझ्याजवळ येऊन “बाई, धास्ती आली” एवढेच म्हणाला. मोबाइलवर आलेली पाण्याची पातळी आम्ही दोघांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली, आणि नंतर पावसाळाभर ते काम त्याच्याकडेच राहिले.

भावनेला शब्द दिल्याने ती थोडी आवरते, याला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना मेंदूतल्या, भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. तो अभ्यास प्रौढांवरचा होता, त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलांबद्दल मी त्यावरून फार मोठे विधान करणार नाही; मात्र वर्गात जे पाहते ते त्याच दिशेचे आहे. तीन ते आठ या वयोगटासाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र स्थान आहे.

अडचण शब्दांची आहे. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर हसरा, रडका आणि रागीट असे पिवळे गोल चेहरे असतात, आणि मुले ते दोन दिवसांत पाठ करून पुन्हा प्रत्येक गोष्टीला ‘राग आला’ म्हणू लागतात. एका मुलाने शेजाऱ्याची कंपासपेटी फेकली, कारण विचारले तर राग. खोदून विचारल्यावर कळले, की मधल्या सुट्टीत कबड्डीला त्याला कुणी घेतलेच नव्हते. त्याला हिरमुसणे हा शब्द हवा होता, आणि तो त्याच्या आजीच्या तोंडी रोज असतो. रुसणे, ओशाळणे, भेदरणे, हुरहुर, चरफड, कानकोंडे होणे ही सगळी घरातलीच संपत्ती आहे. शिवाय आपली भाषा भावना शरीरावर दाखवते: घसा दाटून येतो, छातीत धडधडते, हातपाय गळतात. म्हणून मी आधी ‘कुठे होतंय?’ विचारते आणि ‘काय वाटतंय?’ नंतर विचारते, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर बोटाने तरी देता येते. शब्द मी सुचवते, लादत नाही. मुलाने मान हलवली तर दुसरा देऊन पाहते. पालकसभेत ‘पोरगा असून रडतोस काय’ हे वाक्य घरी म्हणू नका, अशी विनंतीही मी दरवर्षी करते, कारण रडू दाबायला शिकलेला मुलगा पुढे पुष्कळदा फक्त रागच दाखवतो.

एका वर्षी दसऱ्यानंतर बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी पहिलीत बसू लागली. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. खिडकीजवळ बसून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहायची. आठवड्याने तिने आपणहून शब्द दिला, “हितं करमंना, बाई.” या शब्दात उदासी, एकटेपण आणि घराची ओढ एकत्र असते, आणि कुठल्याही तक्त्यावरचा चेहरा तो दाखवू शकत नाही. कुणाकुणाला कधी करमले नव्हते, असे मी वर्गाला विचारले, तेव्हा निम्मे हात वर गेले. आईच्या बाळंतपणात मामाकडे राहिलेली एक मुलगी त्या दिवसापासून तिच्या शेजारी बसू लागली.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, आणि टोळी परत निघाली, तेव्हा ती वडिलांचे बोट धरून शाळेच्या दारात आली होती. निघताना मागे वळून म्हणाली, “बाई, आता कुठं करमाया लागलं होतं.”