आमची वाटचाल : पुलाचे फूट आणि आमचा उंबरा

आप्पांनी १९८७ साली सांगलीच्या गावभागात एका गाळ्यात मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देण्याचे काम सुरू केले. हाताने फिरवायचे एक वाइंडिंग मशीन आणि उधारीवर आणलेली तांब्याची तार एवढेच भांडवल. गिऱ्हाईक सगळे कृष्णाकाठचे शेतकरी. उसाला पाणी सुरू असताना मोटर जळाली की रात्र जागून ती बांधून द्यायची, हा आप्पांचा शिरस्ता. १९९९ मध्ये मी कामाला लागलो. पुढे लेथ घेतली, व्हार्निश भाजायची भट्टी आली, चार कारागीर झाले.

२००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली आणि दुकानात साडेसात फूट पाणी उभे राहिले. पाणी ओसरल्यावर आप्पांनी भिंतीवर ऑइल पेंटने रेघ मारली. माळा त्या रेघेच्या दीड फूट वर बांधून घेतला. सरकारनेही पूररेषा आखल्या आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण त्या नकाशावर. आमच्या गल्लीत कोणाला दिसेल अशी रेघ एकच होती, आप्पांची.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही त्याच रेघेवर विसंबलो. दुरुस्तीला आलेल्या ३८ मोटरी, तारेची रिळे, इन्सुलेशन तपासायचे मेगर, सगळे माळ्यावर चढवले. पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कोयना धरणातून किती क्युसेक सोडले, तेही मोबाईलवर येत होते. पण हे पाणी २००५ ला मागे टाकणार आहे, माळासुद्धा सोडा, असे आम्हाला कोणीही सांगितले नाही. नदी ५७ फुटांच्या वर गेली. दुकानात अकरा फूट पाणी, आणि ते लवकर हललेच नाही.

माझा राग इथे आहे. कोयनेचे पाणी सांगलीपर्यंत यायला एखादा दिवस तरी लागतो. खाली हरिपूरला वारणा मिळते आणि तीही फुगलेली असली की इथले पाणी तुंबते, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा. त्यात जिल्ह्याचा आराखडा बंधनकारक आहे आणि जिल्हा प्राधिकरणाच्या प्रमुखपदी जिल्हाधिकारी आहेत. म्हणजे २०१९ पर्यंत चौदा वर्षे हातात होती. तेवढ्या काळात ‘पुलाला इतके फूट म्हणजे तुमच्या चौकात इतके’ असा साधा तक्ता गल्लोगल्ली लागायला हवा होता. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गावकऱ्यांनी भरलेली नाव उलटली आणि माणसे गेली. बोटी वेळेवर पुरेशा असत्या तर त्या एकाच नावेत एवढी माणसे कशाला चढली असती? माझे नुकसान त्यापुढे काहीच नाही.

नंतर वाद रंगला तो खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा. पुराची कारणे शोधायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांच्याकडे बोट दाखवले. तो वाद जाणकारांनी करावा. माझे म्हणणे एवढेच, की तो मिटायची वाट न पाहताही तक्ता लावता येतो.

पंचनाम्याला पथक आले. छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार रुपये अशी मदत जाहीर झाली होती. लेथ, भट्टी, तार यांची नोंद झाली. ३८ मोटरींची नाही, कारण त्या ‘तुमच्या मालकीच्या नाहीत’. ज्या शेतकऱ्यांच्या होत्या, त्यांचा पंचनामा त्यांच्या शेतावर झाला आणि तिथे मोटर नव्हती. दोन्हीकडून ती सुटली. शेवटी त्या ३८ आम्ही मजुरी न घेता बांधून दिल्या. त्याला पाच महिने लागले.

आणखी एक गोष्ट जिवाला लागली. पूर ओसरताच शेकडो लोकांनी भिजलेल्या मोटरी तशाच चालू केल्या आणि जाळल्या. बुडालेली मोटर चालू न करता खोलून, गाळ धुऊन, भट्टीत वाळवली, बेअरिंग बदलले, मेगरवर इन्सुलेशन तपासले, तर पुष्कळदा नवे वाइंडिंग लागत नाही. ‘मोटर सुरू करू नका’ एवढा एक निरोप गावागावांत दवंडीसारखा फिरला असता तर कितीतरी तांबे वाचले असते. आता दर जूनला आम्ही तो कागद छापून गिऱ्हाइकांना देतो.

तक्ताही आम्हीच केला. गल्लीतल्या जुन्या लोकांना विचारून, पाणपातळीची पट्टी घेऊन प्रत्येक उंबरा मोजला. पुलाला ४६ फूट झाले की आमच्या दारात पाणी. समोरच्या गिरणीत ४५ ला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ४८ ला. हा तक्ता घेऊन मी एका कार्यालयात तीनदा गेलो. विजेच्या खांबांवर रंगाने फूट लिहा, रंग आम्ही देतो म्हणालो. अर्जाची पोच मिळाली.

जुलै २०२१ मध्ये करोनाचे निर्बंध पुरते उठलेले नव्हते, तोच नदी पुन्हा चढली. पुलाला ४२ फूट झाले तेव्हाच आम्ही सामान बाहेर काढायला घेतले. शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्यावर २६ मोटरी, तार, मेगर. लेथची मोटर सोडवून तीही वर. नदी ५४ फुटांच्या पुढे गेली, दुकानात आठ फुटांवर पाणी आले. लेथचा सांगाडा तेवढा बुडाला. एकही मोटर भिजली नाही, आणि गाळ काढून नवव्या दिवशी भट्टी पेटली.

आप्पा आता दुकानात बसत नाहीत. त्यांच्या रेघेच्या वर २०१९ ची रेघ मी मारली आहे, दोहोंच्या मध्ये २०२१ ची. शेजारी लॅमिनेट केलेला तक्ता टांगला आहे, एकोणीस उंबऱ्यांचा.