तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुंग आणि अणुबॉम्ब

"सर, अणुबॉम्ब म्हणजे आपला सुरुंगच ना, फक्त मोठा?" राजापुरात भौतिकशास्त्र शिकवलं तेव्हा दरवर्षी कुणीतरी हे विचारायचंच. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाल्यापासून पालकही विचारतात. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण सुरुंग आम्ही सगळ्यांनीच पाहिलाय.

आमच्या परसात विहीर खणताना खाली काळा कातळ लागला. गड्यांनी भोकं पाडली, कांड्या ठासल्या, वाती पेटवून वर आले. आधी पायाखाली धक्का बसला, मग आवाज, मग पत्र्यावर दगडांचा मारा. कांडीतले अणू होते तेच राहिले. त्यांच्या जोडण्या तेवढ्या मोडून नव्या जुळल्या. त्यातून क्षणात तापलेला वायू झाला आणि त्या वायूने कातळ फोडला.

अणुबॉम्बमध्ये अणूचा गाभाच, म्हणजे केंद्रक, फुटतो. न्यूट्रॉन नावाचा कण आदळला की युरेनियमचं केंद्रक दुभंगतं, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रकं फोडतात. १९४४ साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, त्यांनी गोदी उद्ध्वस्त केली. हिरोशिमाचा स्फोट सुमारे १५,००० टन टीएनटी या स्फोटकाएवढा, आणि त्यात प्रत्यक्ष फुटलेलं युरेनियम एक किलोहूनही कमी!

पण नुसता आकडा सांगून थांबू नये असं मला वाटतं. सुरुंगात तापमान काही हजार अंश, इथे ते कोट्यवधी अंशांवर जातं. त्या उष्णतेतून क्ष-किरण निघतात, भोवतालची हवाच पेटल्यासारखी तापते, आणि दणक्याआधी प्रकाश नि धग येऊन पोचते. हिरोशिमात एका बँकेच्या दगडी पायऱ्या त्या धगीने फिक्या पडल्या. तिथे बसलेल्या माणसाच्या जागी तेवढी काळी सावली उरली.

आमच्या विहिरीत धूर निवळल्यावर गडी घमेली घेऊन पुन्हा उतरले. फुटलेल्या केंद्रकांचे तुकडे मात्र किरणोत्सारी असतात, म्हणजे घातक किरण सोडत राहतात, त्यांच्याजवळ असं उतरता येत नाही.

जैतापूरसारख्या प्रकल्पाच्या अणुभट्टीतल्या इंधनात फुटण्याजोगं युरेनियम साधारण ३ ते ५ टक्केच असतं, म्हणून ती बॉम्बसारखी फुटू शकत नाही. पण भीती निराधार आहे असं मी कुणाला सांगत नाही. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा प्रकल्पात इमारतींची छपरं उडवली ती हायड्रोजनने, म्हणजे सुरुंगाच्याच जातीच्या स्फोटाने. गावं वर्षानुवर्षं ओस राहिली ती बाहेर पडलेल्या किरणोत्सारामुळे.