उडी कोळ्यांचे स्वभाव: तिसऱ्या फेरीनंतरची नोंद

कोळ्यांच्या धिटाईच्या चाचणीच्या दुसऱ्या फेरीनंतर आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा सगळं मनासारखं दिसत होतं. पहिल्या वेळी जे कोळी धीट निघाले ते दुसऱ्या वेळीही धीट, भित्रे ते भित्रेच. तिसऱ्या फेरीत त्यातला बराच भाग कोळ्यांचा नसून मांडणीच्या कप्प्याचा होता, असं दिसून आलं. ज्यांनी आपापल्या घरी डबे मांडलेत त्यांनी पुढची फेरी घेण्याआधी हे वाचावं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: प्रयोग प्लेक्सिपस पायकुली या घरात सर्रास दिसणाऱ्या उडी कोळ्यावर आहे. नर काळा, मधोमध पांढरा पट्टा. मादी तपकिरी, मधोमध रुंद फिकट पट्टा, लांबी साधारण 1 सेंमी. पुण्यात कोथरूड आणि सहकारनगरमधल्या घरांच्या भिंतींवरून 12 माद्या घेतल्या. टेकडीवरून एकही आणली नाही आणि कुणी आणूही नये, घरात हव्या तेवढ्या मिळतात. नर मुद्दाम टाळले, कारण वयात आलेला नर मादीच्या शोधात भटकत राहतो आणि खाण्याकडे त्याचं लक्ष कमी असतं. नर-मादी एकत्र मोजले तर लिंगातला फरक स्वभावाच्या नावावर जमा होतो. याच घरांत प्लेक्सिपस पीटर्सीही असतो आणि दोन्हींच्या माद्या चटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. शंका आली की ती मादी सोडून द्यायची.

डबा 250 मिलीचा, पारदर्शक, तापलेल्या सुईने पाडलेली 12 भोकं. डबा उलटा ठेवायचा, म्हणजे झाकण खाली. उडी कोळी रेशमाची झोळी बहुधा वरच्या कोपऱ्यात विणतो. झाकण वर असेल तर दर वेळी उघडताना त्याचं घर फाटतं, आणि मग त्या दिवशीचा आकडा धिटाईचा नसतो, घर मोडल्याचा असतो. पाणी एका बाजूला एकच फवारा, दिवसाआड. त्याहून जास्त झालं की बुरशी धरते. खाणं म्हणजे केळ्यावर वाढवलेली चिलटं, दर खेपेला 5, आणि चाचणी खाणं दिल्यानंतर बरोबर 48 तासांनी. भुकेला कोळी धीट वाटतो, पोट भरलेला आळशी.

चाचणी साधीच आहे. कॅमेऱ्याची भिंग साफ करायचा रबरी फुगा घ्यायचा, 5 सेंमीवरून दोन फुंकर. कोळी पाय आखडून दबतो. तिथपासून तो पुन्हा चालू लागेपर्यंतचे सेकंद मोजायचे. 600 सेकंदांत हललाच नाही तर 600 लिहून पुढे फुली मारायची, कारण तो खरा आकडा नाही, आपण थांबलो तिथली मर्यादा आहे. चाचणीचा ट्रे दर कोळ्यानंतर स्पिरिटने पुसायचा आणि खालचा कागद बदलायचा. उडी कोळी चालताना मागे धागा सोडत जातो, आणि त्या धाग्याला त्याचा वासही असतो. पुसलं नाही तर पुढची मादी फुंकर विसरून आधीचीचा माग काढत बसते.

आता कप्प्याची गोष्ट. 1 ते 6 क्रमांकाचे डबे वरच्या कप्प्यात होते, 7 ते 12 खालच्या. वरच्या कप्प्यावर पूर्वेच्या खिडकीतलं ऊन येतं. फेब्रुवारीअखेरीस पुण्यात सकाळी गारवा असतो आणि दुपारी पंखा लागतो, हे आपल्याला अंगवळणी पडलेलं असतं म्हणून लक्षात आलं नाही. दोन्ही कप्प्यांत थर्मामीटर ठेवला तेव्हा साडेआठला दोन्हीकडे 21 अंश होते. साडेदहाला वर 29, खाली 24. चाचणी साडेदहाचीच. कोळ्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, भोवतालच्या तापमानाबरोबर त्याच्या हालचाली वेग घेतात. म्हणजे वरच्या सहाजणी धीट नव्हत्या, उबेत होत्या.

तिसऱ्या फेरीआधी वरचे डबे खाली आणि खालचे वर केले. तीन माद्यांचे आकडे इथे देतो. क्रमांक 9, खाली असताना 410 आणि 380 सेकंद, वर गेल्यावर 90. हिला आपण दोन महिने भित्री म्हणत होतो. क्रमांक 3, वर असताना 40 आणि 55, खाली आल्यावर 65. गारव्यातही ती एक पाय उचलून, मान फिरवावी तसं पुढचं शरीर फुग्याकडे वळवून बघत होती आणि मिनिटभरात चालू पडली. क्रमांक 7, खाली 600 आणि 600 (दोन्ही फुल्या), वरच्या उबेत 540. जागा बदलूनही ज्या बदलल्या नाहीत त्या 3 आणि 7. स्वभाव हा शब्द वापरायचाच तर सध्या या दोघींपुरता वापरावा, तोही हातचा राखून.

चौथ्या फेरीपासूनचा नियम असा. डबे अर्धा तास आधी एकाच टेबलावर आणायचे. खोली 26 ते 28 अंशांत असेल तरच चाचणी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. दर रविवारी डब्यांच्या जागा बदलायच्या. दोन फेऱ्यांत किमान 7 दिवस, नाहीतर कोळी फुंकरीला सरावतो. मोबाइलवर चित्रण करायचं आणि सेकंद नंतर मोजायचे, तेही डब्याचा क्रमांक माहीत नसलेल्या माणसाने. ‘ही तर भित्रीच आहे’ असं मनात असलं की बोट स्टॉपवॉचवर उशिरा पडतं.

चित्रणं आणि कच्च्या वह्या फेकू नका. 2020 साली आफ्रिकेतल्या सामाजिक, म्हणजे गटाने एकत्र राहणाऱ्या कोळ्यांच्या धिटाईवरचे शोधनिबंध मागे घेण्याची वेळ आली, त्यातला एक ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’मधला. चाचणी हीच, फुंकर मारून सेकंद मोजण्याची. तक्त्यांत वेगवेगळ्या कोळ्यांच्या नावावर हुबेहूब तेच आकडे पुन्हा पुन्हा आले होते, आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही. त्या विषयावर मनापासून काम करणाऱ्या बाकीच्यांची वर्षं त्यात गेली, याचं फार वाईट वाटतं. आपण हौशी असलो तरी आकडा कुठून आला हे दाखवता आलंच पाहिजे.

12 मधल्या 9 उरल्या आहेत. एकीने कात टाकली, म्हणजे ती वयात आलेली नव्हतीच. पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात जननछिद्राची गडद कडक पट्टी 10 पट भिंगातून दिसली तरच मादी पूर्ण वाढलेली समजा. दुसरीने अंडी घातली आणि ती झोळीतून बाहेर येईना. भिंतीवरून आणलेली मादी बहुधा आधीच मीलन झालेली असते, त्यामुळे असं पुन्हा होणार. अंड्यांवरच्या मादीला मोजू नये, हलवूही नये. तिसरी मेली. त्या खोलीत रात्री डासांचं लिक्विड लावलेलं होतं. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं आणि ते कोळ्यांनाही मारतं. मुंग्यांसाठी विषारी खडूची रेघ ओढणाऱ्यांनाही हेच सांगणं. त्याऐवजी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुभत्याच्या कपाटाचे ठेवत तसे.

हिशेब पाचव्या फेरीनंतर करू. आधी सेकंदांचा लॉग घ्यायचा, मग एक्सेलमध्ये एकमार्गी अनोव्हा, म्हणजे कोळ्याकोळ्यांमधला फरक आणि एकाच कोळ्याच्या आकड्यांतला फरक वेगळा काढायची पद्धत. कोळ्याकोळ्यांमधला सरासरी वर्ग अ, एकाच कोळ्याच्या फेऱ्यांमधला ब, फेऱ्या क. सातत्य म्हणजे (अ − ब) भागिले (अ + (क − 1) × ब). उत्तर 1 च्या जवळ आलं तर आनंदू नका, आधी कप्पे तपासा. 2009 साली प्राण्यांच्या वर्तनावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा या सातत्याची सरासरी 0.37 आली होती. अवघ्या 9 कोळ्यांवर आलेला आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे आणखी दोन घरांतून डबे वाढवता आले तर हवे आहेत.

हे फक्त कोळ्यांपुरतं आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी: 1993 साली 44 ऑक्टोपसांवर असंच मोजमाप झालं आणि त्यांच्यातले फरक टिकाऊ दिसले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या पोळ्यात माद्या रंगाच्या ठिपक्यांनी ओळखून कोण बसून राहते, कोण भांडते आणि कोण बाहेरून खाणं आणते, हे वेगळं काढून दाखवलं.

पुढचा विषय मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. मटारावरच्या माव्यात एकाच आईच्या, जनुकांनी सारख्या लेकींपैकी काही धोका दिसताच झाडावरून उडी टाकतात आणि काही बसून राहतात, आणि हे पुन्हा पुन्हा तसंच घडतं. सारख्याच जनुकांतून आलेला फरक कोळ्यांवर तपासता येत नाही. टेकड्यांवरच्या रुईला पिवळा, काळ्या पायांचा मावा असतो, त्यातही माद्याच, मीलनाशिवाय पिल्लं देणाऱ्या. तो उडी टाकेल याची खात्री नाही, म्हणून केसाच्या टोकाने पाठीला स्पर्श करून ती किती पावलं सरकते ते मोजायचं. ठिपका पोस्टर कलरचा, ब्रशच्या एकाच केसाने, आणि फक्त पूर्ण वाढलेल्यांवर. पिल्लांची कात गेली की ठिपकाही जातो. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फांदी तोडल्यावर हात साबणाने धुवा.