बोनच्या द्राक्षबागांतून सायकल आणि डिपॉझिटनं खाल्लेले अडीच तास

सुट्टीला तासगावला आलोय. यंदा फ्रान्सला शिकायला निघालेली आपल्याकडची दोन-तीन पोरं विचारत होती की तिकडं द्राक्षबागांतून सायकलनं फिरायचं असेल तर काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पहिली गोष्ट, फॉरेक्स कार्डावर (परदेशात खर्चायला आधी पैसे भरून न्यायचं कार्ड) भाड्याची सायकल मिळेल असं धरून जाऊ नका. दोन वर्षं झाली या गोष्टीला, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

मी फ्रान्समधल्या बर्गंडी भागात दिजाँला शिकायला. तिथून बोन ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटांवर. बोनपासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत द्राक्षबागांच्या मधून सायकलीचा रस्ता आहे, साधारण बावीस किलोमीटर, वाटेत पोमार, वोल्ने, मर्सो अशी गावं. व्हिसा, रूम, कॉलेजचं रजिस्ट्रेशन सगळं नीट झालं होतं. सप्टेंबरचा शनिवार, तोडणी चालू, आणि मी द्राक्षबागायतदाराचा पोरगा, त्यामुळं कधी एकदा बाग बघतोय असं झालेलं. सकाळी साडेनऊला सायकलच्या दुकानात हजर.

भाडं पंचवीस युरो, कार्ड लावलं, झालं. मग काउंटरवरची बाई म्हणाली तीनशे युरो डिपॉझिट. कार्डावर बॅलन्स भरपूर होता म्हणून मी निवांत, पण मशीननं नकार दिला. परत लावलं, परत नकार. तिला वाटलं पैसे नाहीत, मी मोबाईलवर बॅलन्स दाखवला, ती मान हलवत राहिली. मला तेव्हा माहीत नव्हतं, आता सांगतो, भाडं म्हणजे पैसे कापून घेणं आणि डिपॉझिट म्हणजे पैसे कार्डावर अडवून ठेवणं, आणि हे अडवून ठेवणं प्रीपेड कार्डावर बहुतेक ठिकाणी चालतच नाही. फॉरेक्स कार्ड प्रीपेडच असतं. क्रेडिट कार्ड लागतं, नाहीतर तिथल्या बँकेचं कार्ड, नाहीतर फ्रेंच चेक. हो, चेक, तिकडं डिपॉझिटला अजून चेक देतात आणि तो न वटवता परत देतात.

आता तिथल्या बँकेचं कार्ड माझ्याकडं का नव्हतं, तर बँकेला राहत्या पत्त्याचा पुरावा पाहिजे, तो कागद हॉस्टेल देणार पहिलं भाडं जमा झाल्यावर, आणि भाडं त्यांना तिथल्या बँक खात्यातून पाहिजे. पंधरा दिवस मी या दोघांच्या मधे फिरत होतो. (हॉस्टेलच्या ऑफिसात स्वतः जाऊन बसलो तेव्हा कुठं कागद मिळाला, ईमेलला उत्तर येत नाही, जाऊन बसा.)

बाई म्हणाली मग पासपोर्ट ठेव. मी म्हणलं झेरॉक्स देतो, कॉलेजचं ओळखपत्र देतो. नाही, ओरिजिनलच. माझ्या मागं रांग, एकेक जण कार्ड टेकवतोय आणि सायकल घेऊन निघतोय, दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती कुणाला. शेजारच्या गल्लीतल्या दुकानात गेलो तर सगळ्या सायकली ऑनलाईन बुक झालेल्या. घरी आण्णांना फोन लावला, इकडं दुपारचे दोन वाजलेले, ते म्हणाले, "पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. सायकल नाही मिळाली तर चालत जा." हे मात्र लिहून ठेवा, परदेशात पासपोर्ट कुठल्याही काउंटरवर तारण ठेवायचा नाही, कितीही गोड बोलले तरी.

एटीएममधून दोनशे युरो काढले आणि परत दुकानात जाऊन उभा राहिलो. ती रोख घ्यायला तयार नाही. मी हललो नाही. अकराच्या पुढं मालक आला, मी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं की आमचीही द्राक्षबाग आहे, मी हे बघायलाच आलोय, पैसे ठेवा पण पासपोर्ट मागू नका. त्यानं दोनशे रोख आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेतली. मी म्हणलं पावती द्या, सही-शिक्का मारून. दिली. निघालो तेव्हा अकरा पंचवीस.

दुपारी बारा ते दोन छोट्या गावांत बरंचसं बंद असतं, त्यामुळं खायचं बोनमध्येच घ्या, शनिवारी तिथं बाजार असतो. मी ब्रेड आणि चीज घेतलं, शेंगदाण्याची चटणी बॅगेत होतीच.

आणि मग पोमारच्या अलीकडं बाग सुरू झाली आणि मी सायकल उभीच केली. आपल्याकडं मंडपाखाली उभं राहून वर हात करून घड धरायचा, इथं वेल कमरेएवढा, घड गुडघ्याजवळ, तोडणारे सगळे वाकलेले. दोन ओळींत जेमतेम एक मीटर, आपल्याकडं नऊ-दहा फूट असतात. ट्रॅक्टर ओळीच्या मधून जात नाही, ओळीच्या वरून जातो, उंच पायांचा, वेल त्याच्या पोटाखालनं निघून जातो. ठिबकची नळी कुठंच नाही. एका तोडणाऱ्या बाईला विचारलं तर तिनं एक घड हातात दिला (न विचारता तोडू नका, आपल्या बागेत कुणी तोडला तर कसं वाटतं). पिनो न्वार, रेड वाईनच्या द्राक्षाची जात. तळहातात मावला सगळा घड, मणी हरभऱ्यापेक्षा जरा मोठे, इतके गच्च की मधे काडी जाणार नाही. थिनिंग (मणी विरळ करणं) नाही, जीएचं डिपिंग (मणी फुगवायला घड संजीवकात बुडवणं) नाही. बी मोठं, पण गोडी अशी की बोटं चिकटली.

आण्णांना व्हिडिओ कॉल केला. त्यांचं पहिलं वाक्य, "एकरी किती निघतंय?" मी सांगितलं इथं हेक्टरी किती उतारा घ्यायचा ते नियमानंच ठरलेलं असतं, त्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. प्रत्येक तुकड्याला नाव असतं, बऱ्याच ठिकाणी दगडी भिंतीवर कोरलेलं, अशा तुकड्याला क्लिमा म्हणतात, 2015 मध्ये युनेस्कोनं हे सगळे क्लिमा जागतिक वारशात घेतले. आपण नाही का म्हणत, ओढ्याकडचा प्लॉट, माळावरचा प्लॉट, आणि दोन्हीचा माल वेगळा निघतो. आण्णांना हे लगेच पटलं.

मर्सोत एका ठिकाणी पांढरी वाईन चाखली, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायला लाजू नका. गाडीवाल्यांसाठी रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोलची जी मर्यादा आहे तीच सायकलवाल्यालाही लागू आहे.

प्युलिनी गावाच्या पुढं मोंराशे नावाच्या बागेच्या भिंतीपाशी पोचलो. जगातल्या सगळ्यात महाग पांढऱ्या वाईनपैकी एक इथली, आणि बाग सगळी मिळून आठेक हेक्टर, म्हणजे वीस एकर, आमच्या वस्तीवरच्या चौघांची मिळून तेवढी होते. घड्याळ बघितलं आणि तिथनंच मागं फिरलो, कारण दुकान सहाला बंद. सकाळचे ते दोन तास असते तर सांतने झालं असतं.

पावणेसहाला दुकानात. मालक नाही, दुसराच पोरगा बसलेला, त्याला दोनशे युरोचं काहीच माहीत नाही, गल्ल्यात चिठ्ठी नाही. पावती दाखवली, त्यानं मालकाला फोन लावला, तो उचलेना. पस्तीस मिनिटं. माझी ट्रेन गेली. ती शिक्क्याची पावती नसती तर पैसे कसे मिळाले असते मला अजून कळत नाही. पैसे हातात आले तेव्हा तिथंच दोनदा मोजले.

तर आदल्या दिवशी दुकानाला ईमेल टाकून विचारा, रोख डिपॉझिट चालतं का, आणि ते उत्तर मोबाईलवर ठेवा. घरात कुणाचं क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड इथनंच काढून न्या.

पुढच्या जूनमध्ये तिथल्या बँकेचं कार्ड घेऊन परत गेलो. डिपॉझिट दोन मिनिटांत झालं, सांतनेपर्यंत आरामात गेलो. पण जूनमध्ये वेलीवर नुसते हिरवे बारके मणी होते, तोडणी बघायला मिळाली ती त्या एकाच दिवशी.