आलेखावरचे दुसरे शिखर

त्या जुलैच्या सकाळी मिश्रणातल्या प्रत्येक घटकाचे एक शिखर दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या पडद्यावर एकाऐवजी दोन शिखरे उमटली, तेव्हा नमुना दूषित झाला असावा असे समजून मी तो आणखी दोनदा चालवून पाहिला. आलेख तिन्ही वेळा तसाच आला. मुंबईतल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य भरलेल्या, पेग या पॉलिमरचे आवरण असलेल्या लायपोसोमवर, म्हणजे लिपिडच्या अतिसूक्ष्म पिशव्यांवर, संशोधन करत होते, आणि ही बॅच तोवरची माझी सर्वांत चांगली बॅच होती. कण सरासरी ११० नॅनोमीटरचे, आकाराने एकसारखे आणि महिनाभर ठेवूनही तळाशी न बसलेले.

साधा लायपोसोम रक्तात गेला की प्रथिने त्याला चिकटतात आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षकपेशी त्याला लवकरच गिळून टाकतात. पेगच्या साखळ्या कणाभोवती पाण्याचा थर धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनांना चिकटायला जागा कमी मिळते आणि कण रक्तात अधिक काळ फिरत राहतो. अशा आवरणाचे डॉक्सिल हे कर्करोगाचे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले, आणि कॅम्प्टोथेसिनपासूनच घडवलेल्या इरिनोटेकॅनचे लायपोसोम २०१५ मध्ये. माझे सगळे लक्ष या आवरणावरच खिळलेले होते.

लायपोसोम बनवताना लिपिड आणि औषधाची वाळवलेली पातळ फिल्म बफरने, म्हणजे ठरावीक सामूच्या (pH च्या) द्रावणाने, भिजवावी लागते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, "फिल्मवर कोणता बफर घातला होतास?"

"फॉस्फेट, सामू ७.४," मी म्हणाले, आणि म्हणतानाच चूक माझ्या लक्षात आली.

कॅम्प्टोथेसिनच्या रेणूत लॅक्टोनचे एक कडे असते. ते बंद असेल तेव्हाच हे औषध टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवर अडकवून ठेवते आणि कर्कपेशी मरते. आम्लात हे कडे मिटलेले राहते, रक्ताच्या सामूला, म्हणजे ७.४ ला, मात्र उघडते (आलेखावरचे दुसरे शिखर याच उघड्या रूपाचे होते), आणि रक्तातले अल्ब्युमिन नेमके उघडे रूपच घट्ट धरून ठेवते. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चाचण्यांत पाण्यात विरघळावे म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार दिला गेला. तो म्हणजे हे उघडे रूपच. मूत्राच्या आम्लतेत त्याचे कडे पुन्हा मिटे आणि मूत्राशयात रक्तस्राव होई. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. हा इतिहास माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी लिहिलेला होता, आणि तरीही सवयीने हात ७.४ च्या बाटलीकडे गेला होता.

वाया गेलेल्या औषधाचे दुःख मला अधिक झाले. मनरो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये हे रसायन एका चिनी वृक्षातून वेगळे केले. पुढे ते सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले. माझे गाव सिंधुदुर्गात आहे. नरक्याची झाडे चोरून तोडून त्यांचे लाकूड गाड्या भरून बाहेर गेल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. झाडात हे द्रव्य अगदी थोडे असते, त्यामुळे एका बाटलीमागे किती लाकूड गेले असेल, हा विचार पावडर तोलताना माझ्या मनातून कधीच जात नाही.

आदल्या संध्याकाळी निर्वात पात्रात वाळत ठेवलेली दुसरी फिल्म सुदैवाने तयार होती. मी तिच्यावर सामू ४ चा सायट्रेट बफर घालून ती ६५ अंशांवर फिरवली, कारण आमचे मुख्य लिपिड सुमारे ५५ अंशांच्या वरच मऊ होते. मग मिश्रण १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून अकरा वेळा दाबून काढले आणि बाहेर राहिलेले औषध डायलिसिसने वेगळे केले. रात्री नऊनंतर आलेखावर एकच शिखर उभे राहिले. मॅडम अजून थांबलेल्या होत्या. त्यांनी आनंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच रात्री थोडा नमुना ३७ अंशांवर सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या द्रवभागात, ठेवला. दुसरे शिखर तिथे पुन्हा हळूहळू वर आले, कारण पेगचा थर भक्षकपेशींना लांब ठेवत असला तरी लायपोसोमच्या पटलातून झिरपणाऱ्या औषधाला तो अडवत नाही. इरिनोटेकॅनला अमाइन गट असल्याने ते क्षाराच्या रूपात कणाच्या आत अडकवता येते. कॅम्प्टोथेसिनच्या मूळ रेणूत तशी सोय नाही. म्हणून औषध आधी सायक्लोडेक्स्ट्रिन या कड्यासारख्या शर्करेच्या रेणूत गुंतवून मग लायपोसोमच्या पोटात भरायचे, असे पुढच्या बॅचचे टिपण मी वहीत लिहिले आणि शेवटच्या लोकलसाठी निघाले.